अकलोलीमार्गे सहारा

दूरपल्ल्याची सामूहिक मोटरसायकल मोहीम म्हणजे एकाच दिशेला जाऊ इच्छिणाऱ्या, परंतु एकाच वेळी निघू न शकणाऱ्या माणसांनी, स्वतःच्या खर्चाने आणि घरच्यांच्या नाराजीने, वाळवंट व विकसनशील देश यांमधून केलेला प्रवास, अशी या विषयाची कामचलाऊ व्याख्या करता येईल. या व्याख्येतील वाळवंट आणि विकसनशील देश हे दोन घटक पुरेसे गाजले, त्यांच्यावर पुस्तके निघाली, मालिका झाल्या. एकाच वेळी निघू न शकणारी माणसे हा तिसरा आणि खरा निर्णायक घटक मात्र अभ्यासकांच्या नजरेतून सुटला. तो पाहण्यासाठी सहारापर्यंत जावे लागत नाही, हे त्याचे कारण असावे, कारण जिथे जायला व्हिसा लागत नाही तिथल्या गोष्टींना विद्वत्तेत फारसा मान नसतो. ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील अकलोली या गावी हा घटक जवळजवळ कोणत्याही रविवारी, सकाळी साडेआठच्या सुमारास, हेल्मेट काखोटीला मारून चहाची वाट पाहताना आढळतो.

अकलोली तानसा नदीच्या काठी असून वज्रेश्वरी आणि गणेशपुरी ही दोन्ही देवस्थाने तिच्या शेजारी आहेत. गावाची ख्याती गरम पाण्याच्या कुंडांसाठी. कोकणपट्टीच्या काळ्या बेसॉल्ट खडकातील भेगांतून पावसाचे पाणी खोल मुरते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते, एवढेच त्यामागचे शास्त्र आहे, आणि त्यासाठी जवळपास ज्वालामुखी असावा लागत नाही. असे झरे किनाऱ्याला समांतर पट्ट्यात पार राजापूरपर्यंत सापडतात. रामेश्वराच्या देवळापाशी कुंडे दगडाने बांधून काढलेली आहेत, काही झरे थेट नदीच्या पात्रात आहेत, आणि पुराच्या दिवसांत ते गढूळ पाण्याखाली निमूटपणे तापत राहतात. मोहिमेवर निघणाऱ्यांनी या बाजूला येण्याची प्रथा जुनी आहे. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला आणि १७३९ मध्ये किल्ला हाती आल्यावर देऊळ बांधून तो फेडला, असे परंपरा सांगते. आजचे मोहीमवीरही देवीपुढे नारळ फोडतात, मात्र त्यांचा नवस बहुधा रजा मंजूर होण्याचा असतो.

मुंबई-ठाण्याच्या दुचाकीस्वारांच्या परिभाषेत अशा फेरीला दोन नावे आहेत. पहाटे निघून, लांब जाऊन, नाश्ता करून जेवणाच्या वेळेपर्यंत घरी परतणे याला ‘ब्रेकफास्ट राइड’ म्हणतात, आणि हीच फेरी मोठ्या मोहिमेचे सगळे सामान गाडीवर लादून केली, म्हणजे काय खडखडते, काय सुटते आणि काय पडते हे आधीच कळावे म्हणून केली, तर तिला ‘शेकडाउन राइड’ हे भारदस्त नाव प्राप्त होते. दोहोंतील व्यावहारिक फरक इतकाच की दुसरीत पोहे खाताना नकाशा उघडलेला असतो. नकाशावर कच्छचे रण, स्पिती, लडाख असते. ज्यांच्या खात्यावर रजा आणि शिल्लक दोन्ही आहेत त्यांच्या नकाशावर मध्य आशिया किंवा आफ्रिका असते.

सामानाचा प्रश्न इथे सविस्तर पाहणे भाग आहे, कारण या विषयातील सर्वांत मोठा प्रवास सामानच करते. मोटरसायकलच्या मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमच्या चौकोनी पेट्या लटकवतात, त्यांना पॅनिअर म्हणतात; २००४ मध्ये इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन नट लंडनहून पूर्वेकडे निघून न्यूयॉर्कला पोहोचले आणि त्या प्रवासाची मालिका जगभर पाहिली गेली, तेव्हापासून पेट्यांवाचून साहस होत नाही अशी समजूत रूढ झाली. त्या दोघांच्या मागे चित्रण करणारा स्वार आणि मदतीच्या मोटारी होत्या, हा तपशील समजुतीत शिरला नाही. ठाण्यातील स्वार या पेट्या, गुडघ्यांची कवचे, पाठीवर वागवायची पाण्याची पिशवी आणि तिला जोडलेली तोंडापर्यंत येणारी नळी, हे सगळे मोबाइलवर मागवतो. मागवलेली वस्तू बहुतेक वेळा भिवंडीच्याच कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ किंवा माणकोलीच्या एखाद्या गोदामात पडलेली असते, कारण मुंबई महानगराला लागणारा निम्माशिम्मा संसार इथल्या गोदामांतूनच जातो. ती टेम्पोत बसून ठाण्याला जाते, तिथे मोटरसायकलवर चढते, आणि रविवारी पहाटे त्याच गोदामाच्या फाटकावरून, ‘आपण आता ओसाड प्रदेशात शिरत आहोत’ अशा मुद्रेच्या मालकासह, अकलोलीकडे रवाना होते. अकलोलीच्या फेरीत पेट्या बहुधा रिकाम्या असतात. तरीही त्या काढून ठेवण्याचा विचार कोणी करत नाही, आणि गाडीची रुंदी त्यांनी नेमकी किती वाढली याचा बोध अंजूर फाट्यावर, कंटेनरचा ट्रेलर आणि दुभाजक यांच्यामधून जाताना होतो.

ताफ्याची रचना शास्त्रोक्त असते. सर्वांत पुढे चालणारा तो ‘लीड’, त्याने रस्ता ठरवायचा. सर्वांत मागे चालणारा तो ‘स्वीप’, त्याने मागे पडलेल्यांना गोळा करायचे. मधल्यांनी एक डावीकडे, एक उजवीकडे अशा तिरप्या ओळीत, ठरावीक अंतर राखून चालायचे. ही रचना पूर्व द्रुतगती महामार्गावर पहाटेच्या वेळी देखणी दिसते. भिवंडी शहर लागले की ओळीत पहिल्यांदा एक रिक्षा येते, मग कापडाच्या ताग्यांनी पाठीमागचे सगळे दृश्य झाकलेली एक स्कूटर, मग रात्रपाळी संपवून यंत्रमाग कारखान्यातून बाहेर पडलेली माणसे, आणि थोड्याच वेळात लीड आणि स्वीप हे दोघे एकाच रस्त्यावरचे दोन स्वतंत्र प्रवासी होतात. पुढचा म्हणतो, मागचे हरवले. मागचे म्हणतात, पुढचा हरवला. दोघेही अंबाडी नाक्याला थांबतात, फक्त नाक्याच्या दोन वेगवेगळ्या बाजूंना.

थांबण्याचे गणित कोणत्याही प्रवासवर्णनात नीट मांडलेले आढळत नाही, म्हणून ते इथे देणे योग्य होईल. बारा स्वारांच्या ताफ्यात प्रत्येकाने दहा मिनिटांचे एकच काम काढले, म्हणजे कोणाला पेट्रोल, कोणाला लघुशंका, कोणाला साखळीला तेल, कोणाला सूर्योदयाचा फोटो, आणि ही कामे एकाच थांब्यावर उरकायची नाहीत हा मनुष्यस्वभाव गृहीत धरला, तर दोन तास खर्च होतात. त्यात आधी पोहोचलेल्यांचा चहा आणि उशिरा पोहोचलेल्यांचा चहा हे दोन स्वतंत्र चहा असतात, आणि दुसऱ्या चहाला पहिल्या चहावाल्यांनी सोबत द्यायची असते. ठाण्याहून एकटा माणूस ज्या अकलोलीला तासा-दीड तासात पोहोचतो, तिथे ताफ्याला साडेतीन तास लागतात ते याच कारणाने. हाच हिशेब कझाकस्तानात लावला असता जी दिरंगाई निघते तिच्यासाठी मोहिमेनंतरच्या व्याख्यानांत वारा, वाळू आणि सीमेवरील अधिकारी यांना जबाबदार धरले जाते.

वाळूवर एवढा ठपका ठेवणे अन्यायाचे आहे, कारण तिचे नियम ठरलेले आहेत आणि ते शिकता येतात. वाळूत शिरण्यापूर्वी टायरमधील हवा कमी करतात, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. स्वाराने पायठेवणीवर उभे राहायचे, भार मागे टाकायचा, नजर लांब ठेवायची आणि घाबरून वेग सोडायचा नाही, कारण वेग सोडला की पुढचे चाक खाली जाते. टेकाडाची वाऱ्याकडची बाजू घट्ट असते, पलीकडची बाजू सैल आणि उताराची असते, म्हणून माथ्यावर बेसावधपणे पोहोचणे हा पडण्याचा हमखास मार्ग. सहारात ‘फेश-फेश’ नावाचा पिठासारखा बारीक धुरळा असतो, तो वरून टणक दिसतो आणि आत चाक गिळतो. हे सारे ज्ञान अकलोलीच्या वाटेवर फुकट जात नाही. पावसाळा सरल्यानंतर भिवंडी-वाडा मार्गाची जी अवस्था दरवर्षी वर्तमानपत्रांत छापून येते ती पाहता, उभे राहून गाडी हाकण्याची कला इथे सहारापेक्षा कमी उपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही, आणि अवजड वाहनांनी दळून काढलेली धूळ फेश-फेशच्या तोडीची असते. फरक आहे तो प्रेक्षकांचा. सहारात पाहणारे कोणी नसते. इथे मोहीमवीर गुडघे किंचित वाकवून, नजर क्षितिजावर लावून उभा चाललेला असताना त्याच्या शेजारून दुधाचे चार कॅन लटकवलेली स्प्लेंडर निघून जाते, तिचा चालक बसलेला असतो आणि त्याचा एक हात खिशातला मोबाइल शोधत असतो.

मग एवढी माणसे बरोबर न्यायचीच कशाला, असा प्रश्न वाचकाला पडेल. त्याचे उत्तर मोटरसायकलच्या वजनात आहे. दूरच्या प्रवासासाठी जगभर नावाजलेली मोठी जर्मन गाडी पेट्यांशिवाय अडीचशे किलोच्या आसपास भरते, आणि अशी गाडी वाळूत आडवी झाली की तिला उभी करायला तिघे लागतात, शिवाय चित्रण करायला चौथा. समूहाचे खरे प्रयोजन हे इतकेच. बाकी मैत्री, बंधुभाव वगैरे मजकूर ताफ्याच्या जाकिटांवर पाठीमागे छापलेला असतो, म्हणजे तो मागून येणाऱ्यालाच वाचता येतो. एकट्या माणसाला वाळवंटात काय होते याचा दाखला थिएरी साबीन या फ्रेंच स्वाराने घालून दिला आहे. १९७७ मध्ये अबिजान ते नीस या शर्यतीत तो वाळवंटात भरकटला, मरता मरता वाचला, आणि घरी आल्यावर हा लाभ इतरांनाही मिळावा अशा उदार हेतूने त्याने पॅरिस ते डाकार ही शर्यत काढली. ती २६ डिसेंबर १९७८ रोजी पहिल्यांदा सुटली. पुढे असुरक्षिततेमुळे ती आफ्रिका सोडून दक्षिण अमेरिकेत आणि २०२० पासून सौदी अरेबियात गेली, पण नाव डाकारच राहिले. अकलोलीची ब्रेकफास्ट राइड ऐन वेळी मुरबाडला गेली तरी व्हॉट्सॲपवर ती अकलोलीचीच राहते, त्यात म्हणून काही वावगे नाही.

समूहाचे पुढे काय होते हे पाहण्यासाठी मुंबईच्याच एका जुन्या मोहिमेकडे वळावे लागते. ती मोटरसायकलींची नव्हती, सायकलींची होती, पण वाळवंट, परदेश आणि समूह हे तिन्ही घटक तिच्यात भरपूर आहेत. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबातील सहा पारशी तरुण जगप्रदक्षिणेसाठी मुंबईहून निघाले. बलुचिस्तान, इराण, मेसोपोटेमिया आणि सिनाई अशी त्या काळी रस्ता म्हणावा असा रस्ता नसलेली वाट त्यांनी पायडल मारत पार केली. वाळवंटाने त्यांच्यापैकी एकालाही रोखून ठेवले नाही. एक जण तेहरानहून वैयक्तिक कारणासाठी परतला. अमेरिकेत पोहोचल्यावर एकाला तो देश इतका मानवला की तो तिथेच राहिला आणि आणखी एकाने घरचा रस्ता धरला. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे उरलेले तिघे जपान, चीन, ब्रह्मदेश करत १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परतले. सुमारे ७१ हजार किलोमीटर, साडेचार वर्षांना थोडे कमी. तीन तिघाडा काम बिघाडा ही म्हण त्यांनी खोटी ठरवली. मात्र सहाचे तीन व्हायला वाळवंट लागत नाही, हेही त्यांच्या प्रवासाने दाखवून दिले. अकलोलीपर्यंतच्या फेरीत हे प्रमाण फारसे बदलत नाही: गटावर बावीस जणांनी अंगठा वर केलेला असतो, निघतात बारा, आणि त्यांतले दोघे अंबाडीच्या अलीकडेच बायकोचा फोन आला असे सांगून वळतात. इथे सायकलवीरांविषयी आदर व्यक्त करणे उचित होईल, कारण त्यांना परतायचे असते तर बायकोचा फोन ही सोय १९२३ मध्ये नव्हती.

आता कागदपत्रे. मोटरसायकल अनेक देशांत तात्पुरती नेताना तिथे ती विकली जाऊ नये आणि आयातशुल्क बुडू नये यासाठी ‘कार्ने’ नावाचे एक पुस्तक बाळगावे लागते. त्याच्या प्रत्येक पानाचे भाग असतात, एक देशात शिरताना फाडायचा, दुसरा बाहेर पडताना, आणि उरलेल्या भागावर दोन्ही शिक्के असावे लागतात. बाहेर पडल्याचा शिक्का राहिला तर मागे ठेवलेली अनामत रक्कम अडकते. स्वार त्या देशात राहिला तर तो त्याचा आणि पोलिसांचा प्रश्न, मोटरसायकल राहिली तर मात्र तो सरकारी तिजोरीचा प्रश्न, असा हा स्वच्छ विचार आहे. भारतातून पश्चिमेला जाणाऱ्याची गाडी पाकिस्तानचा रस्ता बंद असल्यामुळे बहुधा जहाजाने किंवा विमानाने पुढे पाठवावी लागते, चीनमधून जायचे तर वाटाड्या सक्तीचा असतो, म्हणून मोहिमेचा पहिला टप्पा हा नेहमीच टेबलांचा असतो. रणात उंटासारखा तग धरणारा माणूस खिडकी क्रमांक चारवर ‘साहेब जेवायला गेलेत’ या वाक्यापुढे कोसळतो, पण त्या कोसळण्याचे चित्रण कोणी करत नाही.

विकसनशील देश या संज्ञेबद्दल दोन शब्द अवश्य हवेत. जागतिक बँकेने २०१६ मध्ये आपल्या विकासनिर्देशकांतून विकसित आणि विकसनशील ही विभागणीच काढून टाकली. दुचाकीस्वारांनी ती काढलेली नाही. बँकेच्या उत्पन्नगटांत भारत आणि केनिया हे दोघेही निम्न-मध्यम उत्पन्नाच्या एकाच रकान्यात बसतात, तरीही केनियाच्या मातीच्या रस्त्यावर उभा राहिलेला ठाणेकर ‘इथली माणसे गरीब, पण किती समाधानी!’ असे लिहितो, आणि नेमके हेच वाक्य अंबाडी नाक्यावर टपरीपाशी थांबलेला एखादा जर्मन स्वार, ठाणेकराकडे पाहून, आपल्या वहीत लिहीत असण्याची शक्यता त्याच्या मनाला शिवत नाही. आफ्रिकेतील ही माणसे ज्या मोटरसायकलवर बसून समाधानी दिसतात ती पुष्कळदा बजाजची बॉक्सर असते. युगांडा-केनियात ‘बोडा बोडा’ आणि नायजेरियात ‘ओकाडा’ म्हणून जी दुचाकी टॅक्सी चालते, तिचा हा आवडता वाहनप्रकार. तिच्यावर चालक, दोन प्रवासी, केळ्यांचा घड आणि प्रसंगी एक शेळी असा ताफा एकाच गाडीवर, एकाच वेळी निघतो आणि एकाच वेळी पोहोचतो. पुण्याच्या कंपनीची ही गाडी पेट्यांवाचून रोज जो प्रवास करते तो पाहायला माणसे पुण्या-मुंबईहून पेट्या लादून जातात.

धोका कुठे असतो याविषयीच्या कल्पनाही तपासून घ्याव्यात. २०२५ मध्ये मुंबईहून निघालेला एक मराठी स्वार डझनाहून अधिक देश ओलांडून आपल्या केटीएम ३९० ॲडव्हेंचर गाडीसह, म्हणजे चाकणला तयार होणाऱ्या गाडीसह, इंग्लंडात पोहोचला, आणि पुढे आफ्रिकेला जाण्याच्या तयारीत असताना ऑगस्टअखेर नॉटिंगहॅमच्या एका उद्यानाच्या वाहनतळावरून ती गाडी भरदिवसा सामानासकट चोरीला गेली. वाटेतील ज्या देशांबद्दल आप्तेष्टांनी त्याला सांभाळून राहण्यास बजावले असेल, त्यांपैकी कोणीही ती नेली नव्हती. पुढे तिथल्याच एका विक्रेत्याने त्याला दुसरी मोटरसायकल दिली, हेही सांगितले पाहिजे. चोर आणि सज्जन यांची विभागणी जागतिक बँकेला अजून करता आलेली नाही.

अकलोलीला पोहोचलेला ताफा शेवटी कुंडाकडे वळतो. तिथे त्याची गाठ दुसऱ्या एका समूहाशी पडते, ज्याचा अभ्यास अद्याप झालेला नाही. एसटीने आलेल्या पाच-सहा म्हाताऱ्या कुंडाच्या पायऱ्यांवर लुगडी गुडघ्यापर्यंत घेऊन बसलेल्या असतात, प्रत्येकीजवळ प्लास्टिकच्या पिशवीत टॉवेल, तांब्या आणि डब्यात काहीतरी असते, आणि त्या सांधेदुखीवर गंधकाच्या वासाचे ते कढत पाणी तांब्यातांब्याने ओतत असतात. ताफ्यातला एकेक जण वरच्या पायरीवर बसून आपली कवचे उतरवू लागतो: आधी बुटांचे चाप, मग नडगीवरचे पट्टे, मग बिजागरीची गुडघाकवचे, आतली पट्टी, तिच्या आतला मोजा, आणि अखेरीस, वीस मिनिटांनी, पांढराफटक पडलेला गुडघा. म्हाताऱ्या हे सारे गांभीर्याने पाहतात. एवढे बांधून आलेला माणूस म्हणजे दुखणे जुने असणार, अशा समजुतीने त्यांच्यापैकी एखादी सरकून जागा करून देते आणि ‘बस बाबा, पाणी सोस, पण उठू नको’ असा सल्लाही देते. त्या साऱ्या जणी एकाच बसने आलेल्या असतात, एकाच बसने परत जातात, आणि बस चुकू नये म्हणून अर्धा तास आधी थांब्यावर हजर असतात. त्यांच्यात लीड नसतो, स्वीप नसतो, आणि कोणी हरवल्याची नोंद नाही.

वाळवंटी मोहिमा अर्ध्यावर का मोडतात याचा निष्कर्ष इथेच काढता येतो. त्या तहानेने मोडत नाहीत, वाळूनेही क्वचितच. वेग, झोप, घोरणे, नाश्ता आणि हिशेब या पाच ठिकाणी त्यांना तडे जातात, आणि हे पाचही तडे भिवंडी तालुक्याच्या हद्दीत, एका दिवसात, अत्यल्प खर्चात तपासून पाहता येतात. आफ्रिकेची अनामत रक्कम भरण्यापूर्वी त्याच माणसांबरोबर सलग तीन रविवार अकलोलीला येऊन जावे; चौथ्या रविवारी जे एकमेकांचा फोन उचलतात त्यांनाच बरोबर न्यावे. येताना देवळाच्या वळणावर सायलेन्सरचा गडगडाट आवरावा, पायरीवर बूट घालून उतरू नये, म्हाताऱ्यांची जागा अडवू नये, आणि बारा जणांना नाश्त्याचे पैसे बारा वेळा वेगवेगळे स्कॅन करून द्यायचे असतील, तर तसे टपरीवाल्याला ऑर्डर देण्यापूर्वीच सांगावे.